तासांचा दाखला

शनिवारी सकाळी दहा ते एक मी श्टुटगार्टच्या शहर ग्रंथालयात असते. मायलेंडर प्लाट्झवरची ती पांढरी, ठोकळ्यासारखी चौकोनी इमारत. तिथलं एक कोपऱ्यातलं टेबल धरून बसायचं आणि भारतातलं शिक्षण इथे मान्य करून घ्यायचं असेल त्यांच्या फाइली बघायच्या, असा माझा गेल्या काही वर्षांचा नेम आहे. पेशाने मी फिजिओथेरपिस्ट. कायद्याचं शिक्षण मला नाही. पण हा रस्ता मी स्वतः चालले आहे आणि कुठे ठेच लागते ते मला ठाऊक आहे.

एका मार्चमध्ये लातूर जिल्ह्यातली एक सिस्टर आली होती. बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, माझी तीन नावं आहेत, म्हणून सगळं अडकलंय."

तिने प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून एकेक कागद काढला. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं नाव, आणि खाली वेगळ्या ओळीत आईचं नाव. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या, डिप्लोमावर आधी तिचं नाव, मग वडिलांचं, मग माहेरचं आडनाव. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही माहेरच्या नावाने. पासपोर्ट लग्नानंतरचा, त्यामुळे त्यावर तिच्या नावाला जोडून नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आपल्याकडे कुणालाही हे कागद दाखवले तर तो क्षणात सांगेल की ही एकच मुलगी आहे. इथल्या कार्यालयात बसलेल्या बाईला मात्र समोर तीन वेगळ्या बायका दिसत होत्या. त्यातल्या एकीचं आडनाव तर दुसरीचं पहिलं नाव होऊन बसलं होतं.

त्या बाईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपली नावं कशी चालतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी एक पानभर जर्मन पत्र तयार करून ठेवलं आहे. मराठी माणसाचं नाव तीन भागांचं असतं, मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, ते दुसरं पहिलं नाव नव्हे, शाळेच्या कागदांवर आडनाव आधी येतं, लग्नानंतर मधलं आणि शेवटचं अशी दोन्ही बदलू शकतात, आईचं नाव ओळख पटवण्यासाठी असतं. खाली कुठल्या कागदावर कुठलं नाव आहे त्याचा तक्ता, सोबत विवाह नोंदणी दाखला आणि गॅझेट झालं असेल तर त्याची प्रत. हे पत्र जोडल्यापासून नावावरून फाइल परत आल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

पण तिची खरी अडचण नावाची नव्हतीच. फोल्डर चाळल्यावर मी तिला विचारलं, "तासांचा दाखला आणलायस का?"

"कसले तास?"

इथे थोडं थांबून सांगते, कारण मला जे काही सांगायचंय ते सगळं या प्रश्नात आहे.

जर्मनीत नर्सचं शिक्षण तीन वर्षांचं असतं आणि ते तासांत मोजलेलं असतं: किमान २१०० तास वर्गातलं आणि २५०० तास प्रत्यक्ष काम. तुम्ही मान्यतेसाठी, म्हणजे इथल्या भाषेत आनएरकेनुंगसाठी, अर्ज केलात की फाइल बघणारी व्यक्ती तुमचं शिक्षण या मापाशेजारी ठेवते. शरीररचना किती तास, बालरोग विभागात किती तास, मानसोपचारात किती, वृद्धांच्या शुश्रूषेत किती. आपली गुणपत्रिका सांगते ते गुण. शंभरपैकी बाहत्तर. या बाहत्तरमधून इथे कुणाला काही कळत नाही. कोष्टकात लिहायला तास हवेत, आणि ते कागदावर नसले की ते तुम्ही शिकलाच नाहीत असं धरलं जातं.

साडेतीन वर्षांचं जीएनएम, त्यानंतर पुण्यातल्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात सहा वर्षं. एवढं करून आलेल्या मुलीच्या हातात पडला तो बेशाइड, म्हणजे कार्यालयाचा निर्णय, आणि त्यात "लक्षणीय फरक" म्हणून सव्वा पान भरलेलं. ती तो कागद माझ्यासमोर धरून म्हणाली, "म्हणजे मी नर्स नाही?"

हा प्रश्न मी ओळखते. २०१३ च्या जानेवारीत मी नवऱ्याबरोबर इथे आले तेव्हा मीही तो विचारला होता. माझी पदवी साडेचार वर्षांची, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, त्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप. इथे फिजिओथेरपी हा बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचा आउसबिल्डुंग, म्हणजे व्यवसायशिक्षण. मला वाटलं, साडेचार वर्षांच्या पदवीला तीन वर्षांच्या शिक्षणाशी तोलायला काय लागतं? आठ महिन्यांनी पत्र आलं. मसाज शिकलेली नाही. उष्णोपचार आणि जलोपचार शिकल्याचा पुरावा नाही. इंटर्नशिप कुठल्या विभागात किती तास केली ते स्पष्ट नाही.

मसाज शिकलेली नाही! पहिल्या वर्षी आम्ही एकमेकींच्या पाठींवर तो इतका गिरवला होता की हातांना पावडरीचा वास राहायचा. पण आमच्याकडे मसाज हा वेगळा विषय नव्हता, तो व्यायामोपचाराच्या पोटात होता. उष्णोपचार इलेक्ट्रोथेरपीच्या पोटात. विषयाच्या नावात तो शब्द नाही, म्हणून निर्णय घेणाऱ्याच्या दृष्टीने ते शिक्षणच नाही. इंटर्नशिपच्या दाखल्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, वर्तणूक चांगली, एवढंच.

माझे बाबा तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. एसटीने जाऊन त्यांनी कॉलेजचे चार खेटे घातले. पहिल्यांदा सांगितलं गेलं की असा दाखला आम्ही देत नाही. दुसऱ्यांदा नमुना आणा म्हणाले. तिसऱ्यांदा सही करणारे सर रजेवर. चौथ्या वेळी तिथल्या एका जुन्या क्लार्कने कपाटातून आमच्या वर्षाच्या अभ्यासक्रमाची पुस्तिका काढली, बाबांना शेजारी बसवलं आणि दोघांनी मिळून पेन्सिलीने बेरजा केल्या. व्यायामोपचार, त्यातला मसाज इतके तास. इलेक्ट्रोथेरपी, त्यातला उष्णोपचार इतके. मग ते टाइप झालं, त्यावर प्राचार्यांची सही झाली, गोल शिक्का बसला. त्या कागदाने माझ्या पत्रातल्या तीन मुद्द्यांपैकी दोन खोडले गेले. उरलेल्यासाठी मी दहा महिने एका पुनर्वसन केंद्रात आनपासुंगस्लेअरगांग, म्हणजे पूरक प्रशिक्षण केलं आणि २०१५ मध्ये माझी उरकुंडे हातात आली. व्यवसायाचं नाव लावायची परवानगी देणारा तो कागद. बाबांना त्याचा फोटो पाठवला, तर त्यांनी तो छापून त्या क्लार्कना नेऊन दाखवला.

तेव्हापासून माझ्या मनात एकच आहे: हे खेटे आपल्या माणसांना निघण्याआधी घालता यावेत. इथून फोनवर, मागे राहिलेल्या आईवडिलांच्या जिवावर नव्हे.

त्या सिस्टरला मी आधी सांगितलं की या कागदाला नकार समजू नकोस. कायद्याने तिला पूर्ण नाकारलेलं नव्हतं, काय कमी दिसतं त्याची यादी दिली होती. १ एप्रिल २०१२ पासून इथे परदेशी शिक्षण घेतलेल्या कुणालाही, नागरिकत्व कुठलंही असो, आपलं शिक्षण तपासून घ्यायचा हक्क आहे, आणि निर्णयात नेमकं काय कमी पडतं ते लिहून द्यावं लागतं. या यादीवर पुढचं सगळं उभं राहतं. दोन वाटा असतात: पूरक प्रशिक्षण, नाहीतर केंटनिसप्रुफुंग, म्हणजे तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. आणि त्या दोन्हींच्या आधी तिसरी वाट, जी पुष्कळांना कुणी सांगतच नाही: यादीतलं जे खरं तर तुम्ही शिकला आहात किंवा केलं आहे, त्याचा पुरावा आणून यादीच लहान करायची.

अनुभव धरला जातो. ही फार मोलाची गोष्ट आहे. पण आपल्याकडचं अनुभवपत्र कसं असतं? "यांनी आमच्याकडे स्टाफ नर्स म्हणून काम केले. त्यांची वर्तणूक समाधानकारक होती. भावी आयुष्यासाठी शुभेच्छा." तीन ओळी. अतिदक्षता विभागात सहा वर्षं व्हेंटिलेटरवरचे रुग्ण सांभाळले, त्यातलं एक अक्षर त्यात नाही. आम्ही तिच्या जुन्या मेट्रनना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी मनावर घेतलं. कुठला विभाग, किती खाटा, आठवड्याला किती तास, कुठली कामं स्वतः आणि कुठली देखरेखीखाली, सगळं लिहून दोन पानांचं पत्र दिलं. त्या मेट्रनबाईंना मी कधी भेटलेले नाही, पण त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तरीही वृद्धांच्या शुश्रूषेचे तास उरलेच, आणि ते उरणं मला रास्त वाटलं. आपल्या रुग्णालयात रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे मावशी करतात, नाहीतर खाटेशेजारी बसलेले नातेवाईक. सिस्टर सलाइन लावते, शिरेतून इंजेक्शन देते. इथे उलट आहे. अंघोळ आणि भरवणं हा नर्सच्या कामाचा गाभा मानतात, आणि शिरेतलं इंजेक्शन हे मुळात डॉक्टरचं काम, ते सोपवलं तरच नर्सने करायचं. इथल्या रुग्णालयात कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात ती मला म्हणाली होती, "ताई, इथे मला मावशीचं काम देतात." तिचं दुखणं मला कळत होतं. पण सहा महिन्यांनी तीच सांगत होती की अंघोळ घालताना पाठीवर पडू लागलेला दाबव्रण तिने सगळ्यांच्या आधी पाहिला, आणि त्यासाठीच हे काम शिकलेल्या माणसाने करायचं असतं.

कागदांचं आणखी एक सांगते, कारण त्यात लोकांचे पैसे जातात. भारतातून निघताना बरेच जण एजंटाला हजारो रुपये देऊन सगळ्या प्रमाणपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, करून आणतात. भारत २००५ मध्ये हेगच्या अपोस्टिल करारात आला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर हरकत घेतली. त्यामुळे या दोन देशांमध्ये तो शिक्का चालत नाही. फाइलीत असला म्हणून बिघडत नाही, पण उपयोग शून्य. त्याऐवजी लागतं ते प्रमाणित प्रत आणि न्यायालयमान्य अनुवादकाने केलेलं जर्मन भाषांतर. गावच्या शाळेचा मराठी दाखला असेल तर मराठीतून थेट जर्मन करणारे असे अनुवादक शोधताना माझा जीव मेटाकुटीला येतो, म्हणून जे कागद इंग्रजीत मिळू शकतात ते इंग्रजीतच काढून आणा. आणि बेकार असाल किंवा कमी पगारावर काम करत असाल तर भाषांतराचा आणि अर्जाचा खर्च इथलं रोजगार कार्यालय उचलू शकतं, मात्र पैसे खर्च करण्याआधी अर्ज द्यावा लागतो. नंतर पावत्या दाखवून काही मिळत नाही.

सगळ्यांनाच हे लागतं असंही नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना मान्यतेच्या वाटेला जावंच लागत नाही, कारण तो व्यवसाय कायद्याने बांधलेला नाही. व्हिसासाठी पदवी तुलनीय आहे का एवढं बघतात, आणि त्याची माहिती परदेशी पदव्या तपासणाऱ्या बॉनच्या केंद्रीय कार्यालयाच्या आनाबिन या यादीत मिळते. शिक्षकांचं कठीण आहे. इथे बहुतेक ठिकाणी शिक्षकाने दोन विषयांत शिक्षण घेतलेलं असावं लागतं आणि आपल्याकडचे बीएस्सी, बीएड झालेले एका विषयावर अडतात.

सांगलीच्या इलेक्ट्रिशियनबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं.

आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स, मग कुपवाड एमआयडीसीत अकरा वर्षं मेंटेनन्स. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरात छातीपर्यंत पाणी होतं. लोखंडी पेटीतले कागद लगदा झाले. आयटीआयच्या प्रमाणपत्राची दुसरी प्रत त्याने मिळवली, पण पहिली सात वर्षं जिथे काम केलं तो कारखाना पुराआधीच बंद पडला होता. अनुभवाचा दाखला देणार कोण? तो माझ्यासमोर बसून सारखा म्हणत होता, "मॅडम, मला काम येतं. पण कागद नाही."

आणि याचं उत्तर कायद्यातच होतं. कागद मिळणं अर्जदाराच्या हातात नसेल तर काम करून दाखवता येतं. त्याला क्वालिफिकात्सिओन्सआनालीझे म्हणतात. न्युर्नबर्गला आयएचके फोसा म्हणून उद्योग-व्यापार मंडळांचं केंद्रीय कार्यालय आहे, कारखान्यातल्या व्यवसायांची मान्यता तिथे होते. त्याच्या पुराची हकिकत, पंचनाम्याची प्रत, मालकाच्या जुन्या भागीदाराचं पत्र असं सगळं आम्ही जोडलं आणि तज्ज्ञांपुढे काम दाखवायची विनंती केली.

तयारीचे ते दोन महिने माझ्या आठवणीतले सगळ्यात चांगले शनिवार. वीज बंद करा, पुन्हा चालू होणार नाही असं बघा, वीज नाही याची खात्री करा, अर्थिंग करून शॉर्ट करा, शेजारचे चालू भाग झाका: इथले सुरक्षेचे पाच नियम तो जर्मनमध्ये पाठ म्हणायचा आणि मी चुका काढायची. तो म्हणाला, "हेच तर आम्ही करायचो, फक्त असं म्हणून दाखवलं नव्हतं कधी." मग एके दिवशी त्याने वायरींचे रंग लिहिलेला कागद माझ्यापुढे सरकवला. आपल्याकडे वर्षानुवर्षं लाल, पिवळा, निळा हे तीन फेज आणि काळा न्यूट्रल. इथे निळा न्यूट्रल, आणि काळा फेज. अकरा वर्षं हाताला जी सवय लागली, तिच्यावर विसंबला असता तर जीव गेला असता. तेव्हा मला पटलं की तपासणारे जे फरक मोजतात, ते सगळेच काही कागदी नसतात. त्याने घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चार रंगांच्या पट्ट्या चिकटवल्या आणि रोज चहा पिताना त्या वाचल्या. प्रात्यक्षिकात त्याला कंट्रोल पॅनेल जोडायला दिलं होतं. त्याने जोडलं आणि का तसं जोडलं ते सांगितलं. आज तो हाइलब्रॉनजवळच्या एका कारखान्यात आहे, कुशल कामगाराच्या वेतनश्रेणीवर.

काही फाइलींना मी काही करू शकत नाही, आणि तेही स्पष्ट सांगावं लागतं. बीएएमएस झालेली एक मुलगी आली होती. साडेपाच वर्षांचं शिक्षण, गावात चार वर्षं दवाखाना चालवलेला, लोक तिला डॉक्टरबाई म्हणायचे. तिला एकाने सांगितलं होतं की भाषेची परीक्षा दिली की इथे डॉक्टर होता येतं. त्या भरवशावर तिने दोन वर्षं जर्मन शिकण्यात घातली. आयुर्वेदाच्या पदवीवर इथे डॉक्टरची आप्रोबात्सिओन, म्हणजे कायमचा परवाना, मिळत नाही. हायलप्राक्टिकर नावाची, डॉक्टर नसलेल्यालाही उपचार करू देणारी एक वेगळी वाट आहे, १९३९ च्या कायद्याने चालणारी, वयाची पंचवीस वर्षं पूर्ण हवीत आणि आरोग्य कार्यालयाची परीक्षा द्यावी लागते. पण त्याने ती डॉक्टर होत नाही. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. खिडकीकडे बघत बसली. मी तिच्यासाठी कॉफी आणली आणि आम्ही दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही. ज्याने तिला खोटं सांगितलं त्याचा मला आजही राग येतो. ती आता नर्सिंगचा आउसबिल्डुंग करते आहे, दुसऱ्या वर्षाला आहे. तिला ते आवडतं, असं ती म्हणते. तिच्या गेलेल्या वर्षांचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि आमचं हे बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. त्याच वर्षी १ मार्चपासून जर्मन कायद्यात नवी सोय आली: शिक्षण किमान दोन वर्षांचं आणि सरकारमान्य असेल, नोकरीचा करार हातात असेल आणि भाषा ए-टू, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरत्या पातळीपर्यंत आली असेल, तर आधी इथे येऊन, काम करता करता मान्यता मिळवता येते. चांगली सोय आहे. पण मला काळजी वाटते, कारण इथे आल्यावर तासांचा दाखला मागवणं किती जड जातं ते मी जाणते. करारात भाषेच्या वर्गांची चर्चा झाली, व्हावीच. तितकीच चर्चा आपल्या नर्सिंग कॉलेजांनी, आयटीआयनी आणि विद्यापीठांनी पदवीबरोबरच विषयवार तासांचा तक्ता द्यावा यावर व्हायला हवी. त्याला पैसे लागत नाहीत. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत तो असतोच. तो लेटरहेडवर यायला हवा, एवढंच.

लातूरच्या सिस्टरची उरकुंडे गेल्या नोव्हेंबरात आली. त्यावर तिचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे आणि खाली माहेरचं आडनावही. ते तिने मागून घेतलं. म्हणाली, शिक्षणाचे पैसे तिकडच्यांनी भरले होते.

या शनिवारी ती सहज भेटायला म्हणून आली आणि तेवढ्यात उदगीरहून तिच्या मैत्रिणीचा फोन आला. लॅब टेक्निशियन आहे, पुढच्या वर्षी निघायचं म्हणते. सिस्टरने माझ्यासमोरच तिला विचारलं, "तासांचा दाखला काढलास का गं?" पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत होतं. मग तिने फोन हाताने झाकला आणि मला म्हणाली, "ताई, कॉलेजवाले नमुना मागतायत."

नमुना माझ्या लॅपटॉपवर होताच. बाबांनी आणि त्या क्लार्कनी पेन्सिलीने आखला होता, त्याच रकान्यांचा.